वादीतर्फे मुदतीचा अर्ज

वकिलीची सनद मिळाली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात वडिलांनी मला मोताळ्याहून बुलढाण्याला आणलं आणि साहेबांच्या चेंबरमध्ये नेऊन बसवलं. वडील शाळेत मास्तर. साहेब त्यांच्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला दरवर्षी पाहुणे म्हणून येत आणि स्पर्धकांपेक्षा जास्त वेळ बोलत, एवढीच काय ती ओळख. वडील म्हणाले, "पोरगी हुशार हाय साहेब, पन बोलत नाही."

"काही हरकत नाही गुरुजी," साहेब म्हणाले. "आमच्याकडे बोलायचं काम मी करतो."

हे अक्षरशः खरं होतं. बोलायचं काम ते करत आणि उरलेलं सगळं मी आणि मुन्शीजी करायचो.

मुन्शीजी देऊळघाटचे. साहेबांकडे त्यांची तीस वर्षं झाली होती. कोर्टातली कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे हे कोर्टाचे कारकून त्यांना विचारून घेत. साहेबांना आज कोणतं काम आहे, हेही मुन्शीजींनाच माहीत असायचं; साहेबांना ते कोर्टाची पायरी चढताना कळायचं.

साहेब पुण्याला कायदा शिकले होते आणि येताना तिथली भाषा घेऊन आले होते. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. कनिष्ठ स्तर न्यायाधीशासमोर भाड्याच्या भांडणात ते असे उभे राहत की जणू देशाची घटना धोक्यात आली आहे. पक्षकार खूश. एकदा एक म्हातारा केस हरून बाहेर आला आणि व्हरांड्यात सगळ्यांना सांगू लागला, "हारलो ते हारलो, पन साहेब बोलले काय बोलले." समोरचा जिंकलेला पक्षकार बिचारा कोपऱ्यात गप्प उभा होता; त्याचा वकील दोनच वाक्यं बोलला होता.

पण साहेबांची खरी विद्या तारीख घेण्यात होती. कधी घसा बसलेला, कधी दुसऱ्या कोर्टात काम, कधी साक्षीदार परगावी. एकदा तर समोरच्या वकिलाचा घसा बसलाय, त्याला त्रास नको, म्हणून माणुसकीच्या नात्यानं त्यांनीच त्याच्या वतीनं मुदत मागितली. तो वकील खुणेनं 'नको नको' म्हणत होता, पण आवाजच नव्हता त्याला.

राजकारणात ते अपघातानं आले, आणि त्या अपघाताच्या वेळी मी गाडीत मागच्या सीटवर होते.

मलकापूरच्या कोर्टात काम होतं. साहेब, मुन्शीजी आणि मी राजूरचा घाट उतरून मोताळ्याला पोचलो तर रस्ता बंद. बाजाराचा दिवस, त्यात रास्ता रोको. संध्याकाळची एक बस बंद झाली होती आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कॉलेजच्या पोरी, त्यांचे बाप, भाजीवाल्या बाया रस्त्यावर बसल्या होत्या. साहेब दहा मिनिटं हॉर्न वाजवत बसले. मग कोट सावरत उतरले आणि पुढे गेले. त्यांना एवढंच सांगायचं होतं की मला कोर्टात काम आहे, माझी गाडी तेवढी जाऊ द्या.

काळा कोट पाहून लोकांना वाटलं, वकील आपल्या बाजूनं आलाय. कोणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. साहेबांच्या हातात माइक देणं म्हणजे काय हे त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.

चाळीस मिनिटं बोलले. बस कोणत्या गावाला जायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण स्त्रीशिक्षण, संविधान, मागास भाग, शासनाची अनास्था हे सगळं ठाऊक होतं. भाजीवाल्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पोलीस आले, आणि जे पुढे दिसले त्यांना गाडीत घातलं. साहेब सगळ्यात पुढे होते. चढताना ते अधिकाऱ्याला सांगत होते, "अहो, मी तर जायला निघालो होतो." हे फक्त मी आणि मुन्शीजींनी ऐकलं. फोटोत मात्र त्यांचा हात वर आणि तोंड उघडं होतं, त्यामुळे घोषणा दिल्यासारखं दिसत होतं.

मुन्शीजी मला म्हणाले, "बाई, तुमी मलकापूरले जा. काम पुकारलं तर तारीख मागा."

मी पलीकडे चालत जाऊन काळीपिवळी पकडली. कोर्टात उभं राहून आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलले ते असं: "आमचे सिनियर पोलिसांच्या ताब्यात आहेत, मुदत मिळावी." न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "हे कारण नवीन आहे." आणि तारीख दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. साहेबांनी तो कापून चेंबरमध्ये लावला. आठवड्याभरात ते त्या आंदोलनाबद्दल असं बोलू लागले, जणू महिनाभर त्यांनी त्याची तयारी केली होती. बस सुरू झाली की नाही, हे मी नंतर वडिलांना विचारलं. नव्हती झाली.

पुढच्या लोकसभेला एका पक्षाला असा उमेदवार हवा होता ज्याच्यावर कोणत्याच गटाचा राग नाही. साहेबांना कोणी मोजतच नव्हतं, त्यामुळे राग नव्हता. तिकीट मिळालं. उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र मी तयार केलं. 'दाखल गुन्हे' या रकान्यात त्या रास्ता रोकोची केस लिहिताना साहेब माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "जरा सविस्तर लिही," म्हणाले.

प्रचारात पहिली अडचण भाषेची आली. पुणेरी मराठीत मत मागितलं तर लोक ऐकतात, मान डोलावतात आणि दुसऱ्याला मत देतात, असं पक्षाच्या माणसांचं म्हणणं पडलं. मग मुन्शीजींनी चेंबरमध्ये शिकवणी घेतली. "साहेब, 'मला' नाही, 'मले'. 'का' नाही, 'काऊन'. 'मी येत आहे' नाही, 'मी येऊन राह्यलो'." साहेब वहीत उतरवून घेत. घाटाखालच्या गावांत ते चाललंही. पण पुढच्या आठवड्यात घाटावर, लोणार तालुक्यात बीबीला सभा होती. साहेबांनी सुरुवातच केली, "मले तुमची सेवा कराची हाय." समोर बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, तेही माइकमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "ह्यो घाटाखालचा दिसतोय. आपल्यात कुठं मले-तुले म्हणतेत?" साहेबांनी उरलेलं भाषण घाईघाईनं पुणेरीत उरकलं.

दुसरी गोष्ट त्यांना हवी होती ती म्हणजे उदाहरण. गरिबाची केस फुकट लढणारा वकील, असं दाखवायला एक गरीब लागतो. आमच्याकडे होती. देऊळघाटची एक शिवणकाम करणारी विधवा बाई. मुन्शीजी तिला आपा म्हणत, म्हणून सगळेच आपा म्हणत. नवरा गेल्यावर तिच्या दिरानं तिच्या घराकडे जाणाऱ्या बोळीत टिनाचा पत्रा आडवा ठोकला होता. रस्ताच बंद. गिऱ्हाइकं शेजाऱ्याच्या गोठ्यातून, शेणातून पाय उचलत तिच्याकडे ब्लाउज शिवायला जात. हळूहळू ती कमी झाली. पत्रा काढून रस्ता मोकळा करून मिळावा, असा तिचा दावा साहेबांनी दाखल केला होता, एक पैसा न घेता. हे खरं होतं आणि ते प्रत्येक सभेत सांगितलं जाई. "माझी एक बहीण आहे देऊळघाटला," इथे आवाज खाली येई, "जिच्या दारात अन्यायाचा पत्रा ठोकलेला आहे." आपाला दोन-तीन सभांना आणून पुढच्या रांगेत बसवलंही. ती डोक्यावरचा पदर सारखा करत खाली मान घालून बसे. सभा संपली की मला विचारी, "बाई, तारीख कवा हाय?"

साहेब निवडून आले. गुलाल माझ्या काळ्या कोटावरून दोन महिने गेला नाही. ते दिल्लीला गेले आणि त्यांच्या सगळ्या केसेस माझ्याकडे आल्या. मुन्शीजींनी फायलींचे गठ्ठे टेबलावर रचले. मी पलीकडून दिसेनाशी झाले.

आपाची फाइल मी सगळ्यात आधी उघडली. कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत, एकच ओळ होती. 'वादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' पान उलटलं. 'वादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' पुढचं पान. वादी म्हणजे आपा. माझी समजूत होती की दिराचा वकील केस लांबवतोय. दिराचा वकील प्रत्येक तारखेला हजर होता. मुदत आम्ही मागत होतो. इतक्या वर्षांत आमचा एकही साक्षीदार तपासला गेला नव्हता. त्यांतले काही अर्ज माझ्याच अक्षरात होते. साहेब सांगत, मी लिहीत असे. कोणत्या केसचा आहे हे पाहण्याची मला कधी गरज वाटली नव्हती.

वकीलपत्र बदलायला साहेबांच्या सह्या हव्या होत्या. त्यांना इकडे यायला सवड नव्हती. फोनवर म्हणाले, "तुम्हीच या. अधिवेशन पण पाहून घ्या." मी आणि मुन्शीजी गेलो. त्यांनी पास काढून दिले. मोबाइल, पिशवी, मुन्शीजींची तंबाखूची डबी, सगळं बाहेर ठेवून आम्हाला वर गॅलरीत बसवलं. शून्य प्रहरात साहेबांचा नंबर लागला होता. खाली ते मागच्या बाकावर, हातात कागद घेऊन, नवं जाकीट घालून बसले होते. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या आधी दोघं राहिले असताना गोंधळ सुरू झाला. लोक पुढे धावले, फलक निघाले, आणि कामकाज तहकूब झालं. साहेब कागद हातात धरून तसेच उभे होते.

मुन्शीजींनी माझ्या कानात विचारलं, "काय झालं?"

"उद्यावर गेलं."

"म्हनजे तारीख देली." मुन्शीजींनी समाधानानं मान हलवली. इतक्या लांब येऊन त्यांना अखेर ओळखीचं काहीतरी दिसलं होतं.

संध्याकाळी साहेबांच्या घरी सह्या करून घेताना मी धीर करून आपाची फाइल पुढे ठेवली. म्हटलं, "साहेब, या केसमध्ये आपणच सारखी मुदत का घेत होतो?"

ते सही करता करता थांबले. मला वाटलं रागावतील. पण दिवसभराच्या त्या फजितीनं असेल, ते पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलले. "निकाल विरुद्ध गेला असता तर? केस चालू आहे तोवर तिला आशा आहे. आणि मी भाषण करू शकतो, उलटतपासणी मला कधी जमली नाही. प्रश्न विचारला की समोरचा काय उत्तर देईल, सांगता येत नाही." मग सही केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तू कोर्टात बोलत नाहीस, म्हणून तुला यातली जबाबदारी कळत नाही."

परतीच्या गाडीत मुन्शीजींना मी हे सांगितलं. म्हणाले, "मले ठाऊक व्हतं बाई."

"मग तुम्ही आपाला सांगितलं का नाही? तुमच्या गावची आहे."

"काय सांगू? तुहा वकील भेतो म्हनून?"

मी केस चालवायला घेतली. आपाची साक्ष झाली, दोन शेजाऱ्यांची झाली, कोर्टानं नेमलेला कमिशनर देऊळघाटला जाऊन पत्र्याची लांबी-रुंदी मोजून आला. मग दिराची उलटतपासणी. आदल्या दिवशी मी चौसष्ट प्रश्न लिहून काढले होते. उभी राहिले तेव्हा कागदावरची अक्षरं पुसट दिसत होती. पहिलाच प्रश्न विचारला: "पत्रा लावायच्या आधी तुमच्या भावजयीकडे गिऱ्हाइकं कोणत्या रस्त्यानं येत होती?"

"ह्याच ना. दुसरा रस्ता हाय कुठं?"

त्याच्या वकिलानं डोळे मिटले. दीर काही लबाड माणूस नव्हता; हट्टी होता. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. उरलेले त्रेसष्ट प्रश्न मी घडी घालून खिशात ठेवले.

निकाल आपाच्या बाजूनं लागला. मुदतीत अपील झालं नाही. बेलीफ पोलीस घेऊन गेला आणि पत्रा निघाला. मी आणि मुन्शीजी तिथे होतो. दोन माणसांनी खिळे उपसले, पत्रा आडवा केला आणि बोळीत उजेड आला. आपा दारात उभी होती. रडली वगैरे नाही. केरसुणी आणून तिनं ती जागा झाडली, मग पाणी शिंपडलं, मग आम्हाला चहा दिला. तिच्या मशीनचं तोंड भिंतीकडे होतं. चहा होईपर्यंत तिनं आणि मुन्शीजींनी मशीन उचलून बोळीकडे तोंड करून ठेवलं.

आठवड्यानं देऊळघाटच्या फाट्यावर मोठा फलक लागला. साहेब हात जोडून, पाठीमागे संसद. खाली मजकूर: 'खासदार साहेबांच्या अथक प्रयत्नांना यश. बहिणीला मिळाला न्याय.' माझा फोटो नव्हता हे बरंच झालं; माझा फोटो चांगला येत नाही.

दुसरी निवडणूक जवळ आली होती, म्हणून सत्कार ठेवला. सत्कार आपाचा की साहेबांचा हे शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही, हार दोघांनाही होते. साहेबांनी अर्धा तास उलटतपासणीचं वर्णन केलं. ते तिथे नव्हते, पण वर्णन इतकं सुरेख होतं की मलाच पुन्हा ऐकावंसं वाटलं. मग ते म्हणाले, "आता माझी बहीण दोन शब्द बोलेल," आणि माइक आपाकडे दिला.

आपानं पदर सारखा केला. माइक तोंडापासून लांब धरला, म्हणून सगळे शांत झाले.

"साहेब इथीसा व्हते तवर माही केस चालली नाही," ती म्हणाली. "साहेबाले तुमी लोकायनं दिल्लीले पाठवलं, मंग चालली. रस्ता भेटला. माहं एवढंच म्हननं हाय, साहेबाले अजून एकदा पाठवा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबही टाळ्या वाजवत होते, खरं तर सगळ्यात जोरात. मी मुन्शीजींकडे पाहिलं. ते रुमालानं तोंड पुसत होते आणि बराच वेळ पुसतच होते. नंतर मी आपाला विचारलं, तुम्ही ते मुद्दाम म्हणालात का. ती म्हणाली, "खरं ते सांगतलं बाई. मले कुठं भाषन येते."

साहेबांच्या माणसांनी त्या दोन शब्दांचा व्हिडिओ काढला आणि प्रचारासाठी जिल्हाभर फिरवला. चार दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी मलकापूरच्या बसस्टँडवर चहावाल्याच्या टपरीपाशी तो कोणीतरी दोनदा लावला, आणि दुसऱ्यांदा सगळे हसले. मग तो साहेबांच्या विरोधकांनी फिरवला. एका वाक्यानं कोणी निवडणूक हरत नाही. साहेब इतर बऱ्याच कारणांनी हरले. पण ज्याला त्याला कारण म्हणून तेवढंच सांगता यायचं.

निकालानंतर तीन आठवड्यांनी साहेब कोर्टात आले. बाररूममध्ये सगळे उठून उभे राहिले, आणि कोणी काय बोलावं हे न सुचून परत बसले. त्यांचा कोट आता पोटावर बसत नव्हता. त्या दिवशी त्यांचं एक छोटं काम होतं. न्यायाधीश नवीन, तिशीच्या बाई, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या. त्यांनी साहेबांना विचारलं, "आपण कोणातर्फे? आणि आपलं नाव सांगा, नोंदवायचंय." साहेबांनी नाव सांगितलं. बाईंनी स्पेलिंग विचारलं. मागच्या बाकावर मी होते. इतकी वर्षं मनातल्या मनात त्यांना टोमणे मारले होते, पण त्या क्षणी एकही सुचला नाही.

चेंबर त्यांचंच होतं. मी माझ्या फायली बांधल्या आणि शेजारच्या गल्लीत एक खोली बघितली. साहेब म्हणाले, "अगं, राहा की इथेच." मी म्हटलं, "नको साहेब, मला आता बोलायची सवय लागलीये." ते हसले, पण पुन्हा आग्रह केला नाही.

मी गृहीत धरलं होतं की मुन्शीजी माझ्यासोबत येतील. साहेब दिल्लीत असताना पाच वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं होतं. दिल्लीत त्यांच्या डबीसाठी मी सुरक्षारक्षकाशी भांडले होते. नव्या खोलीत त्यांच्यासाठी खिडकीजवळ टेबल लावून ठेवलं. ते आले, टेबलावरून हात फिरवला, म्हणाले, "चांगलं हाय." मग म्हणाले, "बाई, मी साहेबाकडंच राह्यतो."

"काऊन?" मी विचारलं. राग आला की माझ्या तोंडी मोताळं येतं.

"तुमाले आता मुन्शी लागत नाही, कारकून लागते. तो कोनीबी भेटन. त्यायले कोनी नाही."

"त्यांनी आपाला काय केलं ते तुम्हाला माहीत आहे."

"हाव. म्हनून तर लक्ष ठिवा लागते."

महिनाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. नवा कारकून ठेवला. तो फायली नावानं न लावता रंगानं लावतो.

गेल्या हिवाळ्यात विहिरीच्या वाटणीच्या एका केसमध्ये साहेब माझ्या विरुद्ध उभे राहिले. माझ्या साक्षीदाराची उलटतपासणी होती, आणि ते मुदत मागतील असं धरून मी निवांत होते. त्यांनी मागितली नाही. कागदावर लिहून आणलेले प्रश्न एकेक करून विचारले, अडखळत, मध्येच चष्मा पुसत. मागे बसलेले मुन्शीजी प्रत्येक प्रश्नानंतर बोटानं पुढची ओळ दाखवत होते. माझा साक्षीदार अकराव्या प्रश्नाला फुटला. निकाल माझ्या विरुद्ध गेला.

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता भाषण. पण म्हणाले, "तो अकरावा प्रश्न बरा होता का गं?"

"बरा होता साहेब," मी म्हटलं. "मी अपील करणार आहे."

"कर," ते म्हणाले, आणि मुन्शीजींच्या मागोमाग जिना उतरू लागले.